मान वळली की हात सुटतो

पिंपरी पेंढारच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, मी आधी त्याचं तोंड पाहिलं. बाकीचा माणूस नंतर पाहिला.

मार्चचा दुसरा आठवडा होता. ओतूरच्या बाजूच्या एका शाळेतली मुलं तपासून मी स्कूटीवरून कळंबला, घरी चालले होते. ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं शिजावं. हिरव्या शेडनेटच्या सावलीत द्राक्षांचे क्रेट मांडलेले दिसले आणि मी ब्रेक दाबला. स्टॉलवाला माझ्याकडे बाजू करून एका पत्र्यावर ब्रशने 'गोड द्राक्षे' लिहीत होता. मात्रा वर गेली की त्याचे ओठ वर जात. काना खाली ओढला की हनुवटी खाली. 'क्ष'ला तर त्याने जीभ अशी काही वळवली की मला हसू आवरेना.

"बोर्ड रंगवताय की खाताय?"

तो दचकला. 'क्ष'ला एक जादाची शेपटी फुटली.

"जरा खाकरून तरी यायचं, राव! गेली ना माझी द्राक्षं!"

"द्राक्षं इथंच आहेत, क्रेटमध्ये. गेलं ते अक्षर."

"अक्षराचं काय… ते पहिलीपासून जातंय." तो हसला, आणि तेव्हा कुठे मी चेहरा पाहिला. उन्हाने रापलेला, कपाळावर लाल रंगाचा एक शिंतोडा. आधी डोळे हसायचे, ओठ मागाहून यायचे.

मला माणसांच्या नोंदी ठेवायची सवय आहे. कोण कसं बसतं, कोण कुठला खांदा उचलून चालतं, कुणाचा कुठला हात रिकामा राहत नाही… पोटापाण्याचा धंदाच तो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आमच्याकडे हे सांगितलं की लोक विचारतात, "मग कुठल्या कंपनीत चिकटवून देता?" मी कुणाला चिकटवत नाही. ज्या लहान मुलांचं शरीर त्यांचं ऐकत नाही, त्यांना ते ऐकायला लावते.

तर त्या दिवशीची दुसरी नोंद स्टॉलच्या मागे बसली होती. सात-आठ वर्षांची मुलगी, पालथ्या क्रेटवर वही ठेवून शुद्धलेखन करत होती. वही चांगली आडवी फिरवलेली. एक पाय बुडाखाली, दुसरा स्टुलाच्या पायाला वेलासारखा गुंडाळलेला. रस्त्यावरून गाडी गेली की ती मान वळवून बघे, आणि मान वळली की पेन्सिलीचा हात आपोआप सुटून त्याच बाजूला लांब जाई. अक्षर थेट समासाच्या बाहेर. मग खोडरबर. मग कंबर अशी वळवळे, जसा काही झग्यात मुंगळा शिरलाय.

"ही कितवीला?" मी विचारलं.

"तिसरीला. आरोही. माझी पुतणी."

"नेहमी अशीच बसते?"

त्याचं हसू लगेच आत गेलं. "आळशी नाहीये ती."

"मी कुठं म्हटलं?"

"सगळे म्हणतात. म्हणून आधीच सांगून टाकतो."

मग द्राक्षं पिशवीत भरता भरता त्याने सगळंच सांगितलं. माणूस मोकळा होता. त्याचं नाव आदेश. भाऊ भरत चाकणला कंपनीत, रविवारी येतो. वहिनी श्रेया आळेफाट्याच्या एका पतसंस्थेत कामाला. पोरगी तोंडी सगळं पटापट सांगते, पण लिहायला बसली की वर्गात सगळ्यांत शेवटी. बाईंनी तीन वेळा घरी निरोप पाठवला. शेवटी घरात ठरलं, जूनमध्ये हिला हॉस्टेलच्या शाळेत टाकायचं. शिस्त लागेल.

"आणि तुमचं म्हणणं?"

"मी नको म्हणतो. पण आमच्या घरात शाळेच्या विषयावर माझं मत कुणी घेत नाही." त्याने पिशवीला गाठ मारली. "बारावी दोनदा नापास माणूस मी."

आरोहीने मान वर केली. "हॉस्टेलला गेल्यावर रात्री पाणी कोण देतं, काका?"

त्याने पिशवीची गाठ सोडून परत मारली. मी माझं कार्ड क्रेटवर ठेवलं.

*

पुढच्या शनिवारी तिघं कळंबला आले. आमच्या घराची पुढची खोली हाच माझा दवाखाना: दोन गाद्या, एक झोपाळा, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता.

मी आरोहीला घोड्यासारखं हातागुडघ्यांवर उभं केलं, कोपर ताठ. तिची मान सावकाश डावीकडे वळवली. उजवा कोपर दुमडला. उजवीकडे वळवली, डावा दुमडला. तिला म्हटलं, हात ताठ ठेव हं, हलवायचा नाही. तिने दात-ओठ खाल्ले, तरी दुमडला. मग कमरेजवळ, मणक्याच्या बाजूने एक बोट खाली ओढलं, तशी तिची कंबर त्या बाजूला झटक्यात मुरडली.

"गुदगुल्या होतात," ती म्हणाली.

"खुर्चीच्या पाठीनेपण होतात?"

"हो! आणि झग्याच्या इलॅस्टिकने. बाई म्हणतात, नीट बस, नीट बस…"

श्रेयाताई कडेला पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. पाठ ताठ, घड्याळाकडे अधूनमधून नजर. रागीट बाई नव्हती ती. घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसासारखी घाईत होती.

मी त्यांना सांगितलं: तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मूठ आवळतं. भांडं पडलं की दोन्ही हात फेकतं. मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात लांब करतं, दुसरा दुमडतं. हे त्याला कुणी शिकवत नाही, ते ठरवूनही करत नाही. जन्मासोबत आलेल्या उपजत हालचाली असतात, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत त्यातल्या बहुतेक आपोआप विरतात. काही मुलांच्या थोड्या शिल्लक राहतात.

"म्हणजे टोमॅटोच्या रोपाची पहिली दोन पानं," दारातून आदेश म्हणाला. तो आत आलाच नव्हता, चौकटीला टेकून उभा होता. "बियातून येतात ती. खरी पानं फुटली की गळायला पाहिजेत. काही रोपांची गळत नाहीत, चिकटून बसतात."

मी त्याच्याकडे बघितलं. पाच वर्षं मी आईबापांना हे समजावतेय, एवढं सोपं मला कधी जमलं नव्हतं.

"तसंच. आरोही फळ्याकडे बघते, मान वळते, हात सुटतो. मान सांभाळू, की हात, की कंबर, यातच तिची सगळी ताकद जाते. अक्षरासाठी उरतच नाही काही."

"मग हा आजार आहे?" श्रेयाताईंनी विचारलं.

"नाही. आणि हेच एकमेव कारण आहे असंही मी म्हणणार नाही. ह्या व्यायामांनी किती फरक पडतो यावर आमच्यातही वाद आहेत. पण खेळण्यासारखे व्यायाम आहेत, नुकसान नाही. डोळ्यांची तपासणी वेगळी करून घ्या. वेळ लागेल."

"किती वेळ? मला स्पष्ट सांगा, मॅडम. हिला शिकता येईल ना? नाहीतर उद्या भावजींसारखं…"

त्या थांबल्या.

"म्हणा ना, वहिनी," आदेश हसत म्हणाला. "नाहीतर काकासारखी बांधावर बसेल." आणि तो रस्त्याकडे बघायला लागला. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

श्रेयाताईंनी मुदत दिली. हॉस्टेलचा फॉर्म भरलेला होता. मेअखेर फरक दिसला तर पोरगी घरी, नाही दिसला तर हॉस्टेल.

*

श्रेयाताईंची नोकरी, म्हणून दर शनिवारी आरोहीला काका आणायचा. पिंपरी पेंढार ते कळंब, मोटरसायकलवर तास-सव्वा तास. पोरगी पुढे टाकीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून दरोडेखोरासारखी. येताना एक पिशवी असायचीच. द्राक्षं संपली तशी कैऱ्या आल्या, कैऱ्यांमागून पानाच्या द्रोणात करवंदं.

"ही कसली फी?"

"फी नाही, नमुना. शेतकरी माणूस आहे, माल दाखवल्याशिवाय राहवत नाही."

"माल चांगला आहे."

"आणि शेतकरी?"

"त्याची तपासणी चालू आहे…"

मी त्याच्या नोंदी करत नव्हते. आपोआप व्हायच्या. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरतो. आरोही सरड्यासारखी पोटावर सरपटायला लागली की तोही दाराशी नकळत खांदा हलवतो. मी 'शाब्बास' आरोहीला म्हटलं की छाती त्याची फुगते. तिसऱ्या शनिवारी शर्ट इस्त्रीचा होता. चौथ्या शनिवारीही. पाचव्या शनिवारी मी माझी कॉटनची निळी ओढणी दोनदा बदलली, ती नोंद मात्र मी खोडून टाकली.

"मॅडम, माझंही तपासा की एकदा," एका शनिवारी तो म्हणाला. आरोही झोपाळ्यावर होती.

"कशासाठी?"

"कळंबचं पाटी दिसली की छातीत काहीतरी उडतं. लहानपणीचंच शिल्लक राहिलंय का बघा."

"पाटी 'कळंबची' असते."

"बघा, व्याकरणपण सुटतंय."

मी फाइलमध्ये तोंड घातलं. हसू लपवायला फाइलीसारखी जागा नाही. मग, स्वतःला बजावल्यासारखं, मी म्हणाले, "आदेशराव, एक सांगते. आरोही माझी पेशंट आहे, तोवर तिच्या घरच्या कुणाशी मी कामापलीकडे बोलत नाही."

"हा नियम कुणी केला?"

"मी."

"का?"

"कारण मला तुमच्या घरात खरं बोलावं लागतं. जीव गुंतला की माणूस गोड बोलतो."

त्याने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला. "म्हणजे ती बरी झाली, की…" असं काहीतरी पुटपुटला आणि एकदम खूश होऊन आरोहीला झोके द्यायला लागला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी त्यांना एक तक्ता दिला होता. पाच व्यायाम: सरडा, मांजर, चांदणी, फुलपाखरू आणि भिंतीवरचं ढकलणं. रोज एकदाच, सगळे मिळून दहा मिनिटं, आणि अगदी सावकाश. झाले की चौकोनात बरोबरची खूण. एप्रिलभर तक्ता भरून येत होता. एप्रिलअखेर आरोही भिंतीवरच्या तक्त्यातून दोन ओळी न चुकता उतरवायला लागली, आधी एकच शब्द जमायचा. मान वळवली तर कोपर दुमडायचा, पण हळू, विचार करून दुमडल्यासारखा.

मेच्या दुसऱ्या शनिवारी ती आली ती गाल फुगवून. गादीवर बसेना. पेन्सिल दिली, तिने खाली टाकली. तपासलं तर कोपर पहिल्या दिवसासारखा, खटकन.

"काय झालं, आरोही?"

"मला हॉस्टेलला जायचंय."

"अगं…?"

"तिथं सरडा नसतो! मांजरपण नसतं! मला नाही करायचं रोज तीनदा!"

मी आदेशकडे बघितलं. तो छताकडे.

"तीनदा?"

"म्हणजे… सकाळी एकदा. दुपारी एकदा. आणि दिवेलागणीला." त्याने मान खाजवली. "मे अर्ध्यावर आला, मॅडम. म्हटलं, जरा डोस वाढवू. बागेवर रोग दिसला की आमी फवारणी जवळजवळ घेतो…"

"आणि बागेवर डोस जास्त झाला की?"

तो बारीक आवाजात, "पानं करपतात."

"मग? लेकरू आहे ते, द्राक्षबाग नाही! दमलेलं शरीर आधी जुनीच सवय धरतं. दोन महिन्यांचं काम तुम्ही दोन आठवड्यांत मागं नेलंत. आणि तक्त्यावर खूण मात्र एकेकच."

"तीन खुणा केल्या असत्या तर तुमी रागावला असता."

"आता काय नाचतेय का मी?"

आरोहीला यात फार मजा आली. काकाला कुणी ओरडतंय हे तिने पहिल्यांदाच बघितलं नसेल, पण इतक्या समाधानाने पहिल्यांदाच बघितलं असावं. ती झोपाळ्यावर जाऊन बसली. तो माझ्याजवळ आला आणि जे बोलू नये तेच बोलला.

"एक करा ना, मॅडम. तेवढा रिपोर्ट चांगला लिहा. 'पूर्ण सुधारणा.' वहिनी कागद मानते. पोरगी घरी राहील, मग करू की सावकाश सगळं. दोन शब्दांनी कुणाचं काय जातं?"

"आरोहीचं जातं. कागदावर बरी झालेली पोर उद्या वर्गात अडखळली, तर मग तिला आळशीच म्हणतील ना? तेव्हा मी काय सांगू?"

"आणि हॉस्टेलला गेली तर?"

"तर मला वाईट वाटेल. पण खोटं लिहिणार नाही."

"तुमाला सोपं आहे," तो म्हणाला. "तुमी कधी समासाच्या बाहेर गेला नसाल." त्याने आरोहीला उचललं आणि गेला. करवंदांचा द्रोण टेबलावरच राहिला. आई आतून म्हणाली, "आज लवकर गेले गं?" मी म्हटलं, "हो, ऊन फार आहे."

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. मी मोटरसायकलच्या आवाजाला सहा वेळा खिडकीत गेले. नोंद आहे.

*

मेचा शेवटचा रविवार. मुदत संपत होती. मी रिपोर्ट लिहिला, खराखुरा, एक पान. मग वाटलं, हा कागद एकटा गेला तर हरेल. म्हणून स्कूटी काढली आणि पिंपरी पेंढार गाठलं.

घर बागेच्या कडेला, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. ओट्यावर आदेशचे वडील, भिमाजीआण्णा, तंबाखू मळत. भरतदादा चाकणहून आलेले. हॉस्टेलची नवी कोरी पत्र्याची पेटी अंगणात उघडी, आणि आरोही तिच्यात बसून बघत होती, आपण मावतो का. आदेश कोपऱ्यात छाटणीच्या कात्र्यांना धार लावत होता. मला बघून कात्री थांबली, माणूस उठला नाही.

श्रेयाताईंनी रिपोर्ट वाचला. "म्हणजे पूर्ण बरी नाही."

"नाही. वर्ष लागेल, कदाचित जास्त."

"मग तिथंच जाऊ दे ना, मॅडम. तिथं कडक शिस्त आहे. हिला नीट बसायची सवय…"

"श्रेयाताई, दहा मिनिटं द्या. तुम्ही सगळे अंगणात हातागुडघ्यांवर या."

भिमाजीआण्णांची तंबाखू तळहातावरच राहिली. "आँ? पावणी आली म्हंजी च्या द्यायचा, का घोडा घोडा खेळायचं?"

"आण्णा, तुम्ही बसून बघा."

"बसून का? मी काय म्हातारा झालो व्हय?" आणि धोतराचा सोगा खोचून सर्वांत आधी तेच उतरले.

भरतदादा झाले, श्रेयाताई झाल्या. आरोही पेटीतून उडी मारून मास्तरीण झाली. "काका, तू पण!"

"माझा गुडघा दुखतोय."

"खोटं! काका भित्रा, काका भित्रा!"

शेवटी तो आला. सर्वांच्या माना मी एकेक करून वळवल्या, डावीकडे, उजवीकडे, सावकाश. भरतदादांचे हात खांबासारखे. श्रेयाताईंचेही. आण्णांचे थरथरले, ते वयाने.

मग आदेश. त्याच्या कानाजवळ माझे हात. एवढ्या जवळून त्याच्या शर्टाला उन्हाचा, साबणाचा वास होता, आणि मानेची शीर जोरात उडत होती. माझ्या बोटांना ती लागत होती… मी काम करत होते, कामच करत होते. मान डावीकडे वळवली.

उजवा कोपर दुमडला.

"हात ताठ ठेवा."

"ठेवतोय," तो म्हणाला. घाम आला होता. उजवीकडे वळवली, तर डावा दुमडला.

"काका!" आरोही किंचाळली. "तुझा पण! तुझा पण माझ्यासारखाच!" आणि आनंदाने त्याच्या पाठीवरच चढली.

"एवढ्यावरून मोठ्या माणसाचं काही ठरवत नाहीत," मी सांगितलं. ते सांगणं भाग होतं. "पण आदेशराव, वही कशी धरायचात?"

उत्तर आण्णांनी दिलं. ते अजून हातागुडघ्यांवरच होते. "आडवी. आन् मी सरळ करायचो. ह्यानं परत आडवी केली की एक फोक. लई मार खाल्ला व्हता ह्यानं माझा. मास्तरबी म्हनायचं, पोरगं मुद्दाम करतंय." ते थांबले. "मुद्दाम न्हवतं करत व्हय रं तू?"

"नाही, आण्णा."

"मंग बोलायचं न्हाई का!"

"मला तरी कुठं माहीत व्हतं?"

त्याची मान खाली होती, चेहरा मला दिसला नाही. आरोही पाठीवर होती म्हणून तो लगेच उठलाही नाही. अंगणातली माती मात्र एका जागी, दोन थेंबांएवढी ओली झाली. घाम असेल. मी तशीच नोंद केली.

मी श्रेयाताईंकडे वळले. "ह्यांना लहानपणी शिस्त कमी पडली होती, असं म्हणता येईल का?"

त्यांनी काकाच्या पाठीवरच्या आरोहीकडे बघितलं. मग साडीचे गुडघे झटकून उठल्या, पेटीपाशी गेल्या आणि झाकण लावलं. "गोधड्या ठेवायला होईल," त्या म्हणाल्या. मग वळून, जरा चढ्या आवाजात, "आणि व्यायाम मी घेणार. रोज एकदाच! भावजींच्या हाती काही द्यायचं नाही." मग आवाज खाली आला. "भावजी… त्या दिवशी कळंबला मी जे बोलले…"

"राहू द्या, वहिनी. चहा करा. घोडे दमलेत."

*

तो मला स्कूटीपर्यंत सोडायला आला. मी पर्समधून एक पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"हे मंचरच्या रत्नामॅडमसाठी. माझ्याबरोबर शिकली, माझ्यापेक्षा हुशार आहे. आरोहीचं काम आता ती बघेल."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तुमी आमाला सोडताय. चूक मी केली, मॅडम. पोरीला का…"

"पाकीट उघडं आहे. वाचा."

तो वाचायला लागला, एकेक शब्द, सावकाश. मी बागेकडे बघत राहिले. छाटलेल्या वेलींना पोपटी फूट आली होती, वारा आला की सगळ्या रांगा एकदम हलायच्या.

"'…ही केस तुझ्याकडे सोपवत आहे,'" तो मोठ्याने वाचत होता. "'कारण, मुलीच्या काकांच्या बाबतीत मी आता तटस्थ राहिलेले नाही.'"

त्याने ते वाक्य परत वाचलं. मग मनात वाचलं.

"तटस्थ नाही म्हणजे… रागाने की…?"

"दोन शनिवार खिडकीत उभं राहून माणसाला जे होतं, तसं."

त्याचे डोळे हसले. ओठ अजून यायचे होते. "मग मी आता काही बोलू शकतो?"

"पत्र अजून पोचलेलं नाही. आज रविवार, रत्नाचा दवाखाना बंद. उद्या दहाला उघडतो."

"म्हणजे उद्या दहापर्यंत मी गप्प?"

"गप्प."

"आणि तुमी?"

"मी तर लिहूनच दिलंय," मी म्हणाले, पाकीट त्याच्या हातून घेतलं आणि स्कूटी अशी पळवली की आळेफाटा कधी मागे पडला ते कळलं नाही.

सोमवारी दहाला मी रत्नाच्या टेबलावर पत्र ठेवलं. तिने वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "समोरच्या रसवंतीत एक माणूस सकाळपासून आपल्या दाराकडे बघत बसलाय. तो तुझ्या तटस्थतेचा का गं?"

रस्ता ओलांडून गेले. घुंगरांचा आवाज करत चरक फिरत होता. तो कोपऱ्यातल्या बाकड्यावर, इस्त्रीच्या शर्टात. समोर उसाच्या रसाचे दोन ग्लास, काठोकाठ.

"कधी आलात?"

"आठला."

"आणि हे ग्लास आठपासून?"

"छे. बर्फ विरघळतो ना. तुमाला गारच मिळायला पाहिजे, म्हणून बदलत गेलो. ही चौथी जोडी."

"मग आधीच्या तीन?"

"टाकवत नाही हो… मीच प्यालो."

सहा ग्लास! रसवंतीवाला त्याच्याकडे काळजीने बघत होता. मी समोर बसले. तो सरळ झाला, गळा साफ केला, आणि रात्रभर पाठ केलेलं काहीतरी शोधायला लागला. ते काही सापडलं नाही. चेहऱ्यावरच दिसत होतं.

"वैजयंती," तो शेवटी म्हणाला. 'मॅडम' नव्हतं. "लग्न करशील?"

त्याच्या कपाळावर घाम होता, आणि टेबलावर ठेवलेल्या हाताची मूठ तान्ह्या बाळासारखी घट्ट आवळलेली. मी त्या मुठीवर हात ठेवला. तिला सैल व्हायला थोडा वेळ लागला. मला घाई नव्हती.

मग दुसऱ्या हाताने मी माझा ग्लास उचलला.

"पाचवी जोडी नको मागवूस," मी म्हणाले. "मी आलेय आता."